कसाऱ्याहून कळसूबाई: लोकलने निघायचं, ओटी भरायची आणि त्याच रात्री घरी यायचं

कळसूबाईला जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "चढ किती आहे गं?" माझ्याकडे कोणी विचारायला आलं की मी आधी वेगळंच विचारतो. कसाऱ्याहून परतीची गाडी कितीची धरणार? याचं उत्तर तयार असेल तर बाकी सगळं जमून येतं. नसेल तर शिखरावर वेळेत पोचलेली माणसंही रात्री साडेअकराला ठाण्याला उतरतात, आणि पुढच्या वेळी चल म्हटलं की नको म्हणतात.

मी भांडुपला राहतो. स्वतःची गाडी नाही. गेली कित्येक वर्षं नवरात्राच्या आगेमागे एकदा आणि थंडीत एकदा, असा वर्षातून दोनदा लोकलने जातो. कधी मित्र असतात, कधी बायको-मुलं, एकदा आईलाही नेलं होतं. त्या सगळ्या फेऱ्यांमधून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने हे वाचून निघावं आणि वाटेत कुणाला काही विचारायची वेळ कमीत कमी यावी, एवढाच हेतू.

कसाराच का

कळसूबाई १६४६ मीटर उंच, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पायथ्याचं बारी गाव अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात. कसारा मात्र ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आणि मधलं इगतपुरी-घोटी नाशिक जिल्ह्यात. एका दिवसात तीन जिल्हे होतात, पण मुंबईकराला त्यातला सगळ्यात लांबचा टप्पा लोकलच्या तिकिटात करता येतो. सीएसएमटीपासून कसारा साधारण १२० किलोमीटर. दुसऱ्या वर्गाचं तिकीट पन्नास रुपयांच्याही आत.

रेल्वे कसाऱ्यापर्यंत १८६१ साली आली आणि इथेच काही वर्षं थांबली, कारण पुढे सह्याद्रीची भिंत होती. थळ घाट फोडून रूळ इगतपुरीला पोचले ते १८६५ मध्ये. आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तो हाच. त्या घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट इतका आहे. भारतातल्या मोठ्या लोहमार्गांवर एवढा कडक चढ फार थोड्या ठिकाणी सापडतो. म्हणून लोकल इथे संपते आणि लांब पल्ल्याच्या गाड्याही इथे थांबतात. गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. रेल्वेतली माणसं त्यांना 'बँकर' म्हणतात. पहाटेच्या गाडीने गेलात तर फलाटावर दहा मिनिटं थांबून हे जरूर बघा. मेल उभी असते, मागून बँकर हळूहळू येऊन शेवटच्या डब्याला टेकतो, धक्का असा बसतो की डब्यातल्या झोपलेल्या माणसांच्या माना हलतात. मग पुढच्या इंजिनाची शिट्टी, मागून तिला उत्तर, आणि पुढून ओढलेली, मागून ढकललेली ती एवढी मोठी गाडी चालत्या माणसाच्या वेगाने घाटाकडे सरकायला लागते. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना हे बघून म्हणाला होता, "बाबा, गाडीला पण डोंगर चढायचाय." तेव्हापासून आमच्या घरात कळसूबाईची यात्रा त्या फलाटावर सुरू होते.

गाडी कुठली धरायची

दोन पर्याय. एक, मध्यरात्रीच्या सुमाराला सुटणारी शेवटची कसारा लोकल. डोंगर चढणाऱ्यांची ही जुनी गाडी. रात्री तीनच्या आसपास कसारा, तिथून ठरवून ठेवलेल्या जीपने बारी, आणि अंधारातच चढायला सुरुवात. सूर्योदय वर बघायचा असेल तर याला पर्याय नाही. पण जीप आधी बोलून ठेवलेली नसेल तर या गाडीच्या वाटेला जाऊ नका. पहाटे तीनला कसाऱ्याच्या बाकावर उजाडेपर्यंत बसणं डिसेंबरात सोपं नाही, आणि न झोपलेल्या पायांनी लोखंडी शिड्या चढणं तर मला मुळीच पसंत नाही.

दुसरा पर्याय पहाटेच्या पहिल्या कसारा लोकलचा. चारच्या सुमाराला सीएसएमटीहून निघते, सातच्या आसपास पोचवते. घरची मंडळी, मुलं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर हीच गाडी. मुलुंड-ठाण्याच्या पुढे राहणाऱ्यांना तर ही फारच सोयीची. पश्चिम रेल्वेवरच्यांनी दादरला बदलावी, नवी मुंबईवाल्यांनी ठाण्याला यावं. वेळापत्रक अधूनमधून बदलतं, त्यामुळे आदल्या रात्री मोबाईलवरच्या एम-इंडिकेटर ॲपवर त्या दिवसाची वेळ एकदा बघून घ्या.

फलाटावरच्या इंडिकेटरवर कसाऱ्याचं अक्षर 'एन'. कर्जतचं 'एस'. अर्धवट झोपेत ही दोन अक्षरं उलटी वाचून माणसं बदलापूरला पोचल्याची उदाहरणं माझ्याच सोसायटीत आहेत. कल्याणला रूळ दुभंगतात. तुमची गाडी शहाड, आंबिवली, टिटवाळा अशी चालली असेल तर बरोबर आहात. विठ्ठलवाडी दिसली तर उतरा आणि कल्याणला परत या.

तिकीट स्टेशनात शिरायच्या आधी मोबाईलवर काढून ठेवा, पहाटे खिडकीवर रांग असते. पासवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: उपनगरी पास आणि लोकलचं तिकीट कसाऱ्यापर्यंतच चालतं. एखादी मेल समोर उभी आहे म्हणून तिच्यात चढून इगतपुरीला उतरायचा मोह होतो. त्यासाठी वेगळं तिकीट लागतं. तसंच जायचं असेल तर सरळ सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने इगतपुरी गाठा. गाडी घाट चढताना खिडकीतून बोगदे आणि दऱ्या दिसतात, पण इगतपुरीला पोचेपर्यंत आठ वाजून जातात आणि चढाईला उन्हं डोक्यावर येतात. थंडीत चालेल, मार्चनंतर नको.

कल्याणच्या पुढे गाडी रिकामी होत जाते. आसनगावला माहुली किल्ल्याला जाणारे उतरतात. त्यानंतर आटगाव, तानशेत, खर्डी, उंबरमाळी आणि कसारा. तानसा, भातसा, वैतरणा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं याच मुलखात आहेत. खिडकीतून दिसत नाहीत, पण आपल्या नळाचं पाणी या डोंगरांवरून येतं हे मुलांना इथे सांगितलं की त्यांना ते लक्षात राहतं. उंबरमाळीनंतर डबे-पिशव्या आवरायला घ्या.

कसाऱ्याला उतरल्यावर

पहिलं काम: परतीच्या गाड्यांच्या वेळा बघा आणि फोटो काढून ठेवा. कसाऱ्याहून गाड्या डोंबिवलीसारख्या पाच-पाच मिनिटांनी नाहीत. एक चुकली की दुसरीसाठी तासभर, कधी त्याहून जास्त बसावं लागतं. रविवार असेल तर मेगाब्लॉकची खबर शनिवारीच घ्या. ब्लॉकमुळे गाडी उशिरा धावते, कधी गाड्या कमी होतात.

दुसरं काम: पोट. स्टेशनच्या आत-बाहेर चहा, वडापाव, पोहे मिळतात. पोटभर खाऊन घ्या. पुढे घाटात रस्ता वळणावळणांचा आहे, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांनी तेलकट टाळावं आणि आल्याचा तुकडा जवळ ठेवावा. स्वच्छतागृहही इथेच उरकून घ्या, विशेषतः बायकांनी. पुढची बरी सोय बारीतल्या एखाद्या घरीच, आणि डोंगरावर काहीच नाही.

तिसरं काम जीप. बाहेर पडलं की काळ्या-पिवळ्या जीप उभ्या असतात आणि "नाशिक, नाशिक, घोटी, घोटी" अशा हाका चालू असतात. सहा-सात जण असाल तर बारीपर्यंत जाऊन-येऊन एकच जीप ठरवा. भाव करताना चार गोष्टी स्पष्ट बोला: येण्या-जाण्याचे मिळून किती, ती तिथे थांबणार का, किती तास थांबणार, आणि उशीर झाला तर जादा किती. बसायच्या आधी बोलून घेतलं की नंतर दोन्हीकडून कडवटपणा येत नाही. एकदा आम्ही यातलं तिसरं विचारलं नाही. उतरून आलो तर जीप दुसरं भाडं घेऊन गेलेली. चूक आमचीच होती, आम्ही सांगितलेल्या वेळेपेक्षा पावणेदोन तास उशिरा खाली आलो होतो.

दोघं-तिघंच असाल तर शेअर जीपने घोटीपर्यंत जा. घोटीहून राजूर-अकोल्याकडे जाणारी एसटी बारीवरून जाते. कंडक्टरला "कळसूबाईला, बारीला उतरायचंय" एवढं म्हटलं की पुरे, ते बरोबर उतरवतात. मात्र एसटीने गेलात तर परतीची शेवटची एसटी केव्हा, हे घोटीच्या स्टँडवर आधी विचारून घ्या.

कसाऱ्याहून बारीला जीपने साधारण दीड तास धरावा. घाट चढून वर आलं की हवा बदललेली लगेच जाणवते. घोटीनंतर भातखाचरं सुरू होतात आणि डाव्या-उजव्या हाताला डोंगररांग जवळ येत जाते. ड्रायव्हरदादांना विचारलंत तर ते शिखर लांबूनच दाखवतात. त्या टोकावर देऊळ आहे हे खालून बघताना खरं वाटत नाही.

बारी: चपला काढायच्या आधीचं थोडं

कळसूबाई कोण, हे माहीत असेल तर चढताना पाय वेगळे पडतात, म्हणून सांगतो. कळसू ही कोळ्याची मुलगी. रानात हिंडायची आवड असलेली. डोंगराच्या पायथ्याशी इंदोरे गावात एका घरी ती कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस नीट चाललं. एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलं. तिने ते काम केलं आणि झाल्याबरोबर डोंगरावर निघून गेली. मरेपर्यंत ती वरच राहिली. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

इथले कोळी म्हणजे महादेव कोळी, डोंगरातले, भातशेती करणारे, हिरडा गोळा करणारे. आपल्या वरळी-वेसाव्याचे समुद्रावरचे सोनकोळी वेगळे. मुंबईतली बरीच मंडळी दोघांना एक धरतात. गावात असं बोललात तर कोणी वाईट वाटून घेणार नाही, पण आपण नीट बोलावं.

मला ही गोष्ट फार जवळची वाटते. राक्षस मारला, वर दिला, असं तीत काही नाही. शब्द मोडला म्हणून एक मुलगी उठून गेली आणि तिच्या मागे लोक डोंगर चढायला लागले. तुम्ही तिला 'महाराष्ट्राचं एव्हरेस्ट' म्हणून चढा, हरकत नाही. पण बारीतल्या माणसांसाठी ती घरातली मुलगी आहे. मोठ्याने गाणी लावून जाणाऱ्यांकडे तिथल्या म्हाताऱ्या कशा बघतात ते एकदा पाहिलं की पुन्हा स्पीकर बरोबर नेववत नाही.

बारीत पोचल्यावर ज्या घरी जेवणार त्यांना चढायच्या आधीच सांगून जा: किती माणसं, किती वाजता. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात-वरण, असं गरम जेवण मिळतं. आधी सांगितलं नाहीत तर चूल पुन्हा पेटेपर्यंत तुमची लोकल जाते. पैसे रोख ठेवा, डोंगराच्या कुशीत नेटवर्क येतं-जातं, आणि पन्नास-शंभरच्या नोटा असू द्या. गावात प्रवेशाची पावती फाडायला सांगितली तर फाडा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे.

बरोबर काय न्यायचं

पाणी माणशी दोन लिटर तरी. शिखराच्या जरा खाली विहीर आहे, पाणी गार आणि गोड, पण पोट हळवं असेल तर आपलंच प्या. शनिवार-रविवारी वाटेत गावकऱ्यांची लिंबू सरबत, काकडी, कांदाभजीची छपरं असतात. त्यांच्याकडून घ्या, तेवढेच चार पैसे गावात राहतात. बूट पकड असलेले हवेत, सपाट तळव्याचे ऑफिसचे बूट मुळीच नाहीत. अंधारात चढणार असाल तर विजेरी कपाळाला बांधायची घ्या. मोबाईलचा दिवा हातात धरला की शिडीला एकच हात उरतो.

ओटीचं सामान (खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, बांगड्या) कापडी पिशवीत, पाठीवरच्या बॅगेच्या आत ठेवा. हातात पिशवी लोंबकळत नेऊ नका. शिड्यांजवळ माकडं असतात आणि खाण्याची पिशवी कोणती हे त्यांना बरोबर कळतं. खणाचं, उदबत्तीचं प्लास्टिक घरीच काढून टाका. वर कचरा उचलायला कोणी येत नाही. तुम्ही टाकलेलं वाऱ्याने दरीत जातं आणि तिथेच राहतं.

चढ

बारीतून निघालं की घरं, खाचरं, मग एक ओढा. ओढा ओलांडून थोडं चढलं की कळसूबाईचं खालचं छोटं देऊळ लागतं. ज्यांना वर जमणार नाही त्यांचं दर्शन इथे होतं.

आईला नेलं त्या वर्षी ती त्रेसष्ट वर्षांची होती. गुडघे दुखायचे, पण ऐकायला तयार नव्हती. खालच्या देवळापर्यंत आली, पायरीवर बसली आणि वर बघत राहिली. शिखर ढगात होतं. शेजारी गवताचा भारा उतरवून एक मावशी दम खात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजी, हितंच भरा ओटी. ती येते खाली." आईने खण उलगडला, तांदळाची ओंजळ घातली, नारळ ठेवला, मावशींनाच हळद-कुंकू लावलं. मग मला म्हणाली, "तू जा वर. मी बसते हिच्याजवळ." मी साडेपाच तासांनी परत आलो तेव्हा आई त्या मावशींच्या अंगणात शेंगा सोलत होती. म्हणून सांगतो, घरातल्या मोठ्या माणसांना घरी ठेवून जाऊ नका. खालचं देऊळ त्यांच्यासाठीच आहे असं समजा, आणि त्यांच्याजवळ बसायला एक माणूस ठेवा.

देवळानंतर खरा चढ सुरू होतो. दगडी पायऱ्या, मुरमाची वाट, काही ठिकाणी कठडे. वाट मळलेली आहे, चुकायची भीती दिवसा नाही. पहिल्या अर्ध्या तासात सगळे जोरात चालतात आणि तिथेच दमतात. सुरुवात मुद्दाम हळू करा. बोलता बोलता चालता येईल इतक्याच वेगाने. सवय नसलेल्यालाही साडेतीन तासांत वर पोचता येतं, सवयीचे अडीच तासांत पोचतात.

लोखंडी शिड्या टप्प्याटप्प्याने लागतात. कातळाला टेकवून घट्ट बसवलेल्या आहेत, भीतीचं कारण नाही, पण रीत पाळा. तोंड कातळाकडे, दोन्ही हात कठड्याला. पुढचा माणूस चार-पाच पायऱ्या पुढे गेल्यावर आपण पाय ठेवायचा. मुलाच्या मागे मोठं माणूस. उतरणाऱ्याला वाट द्या, शिडीवर मधोमध थांबून फोटो काढू नका. सुट्टीच्या दिवशी दहा वाजल्यानंतर शिड्यांवर रांगा लागतात आणि अर्धा-पाऊण तास तिथेच जातो, हा वेळ हिशोबात धरा. ज्याला उंचीची भीती वाटते त्याला खाली बघू नको म्हणण्यापेक्षा त्याच्या मागे एकच पायरी सोडून चाला आणि बोलत राहा. बायकोला मी असंच वर नेलं. आता ती एकटी पुढे जाते.

विहीर आली की समजा, जवळजवळ पोचलात. तिथे थोडी सपाटी आहे. बसा, पाणी प्या, घाम पुसा, बॅगेतून कानटोपी काढून घाला. शेवटची शिडी थेट शिखराच्या सुळक्याला लावलेली आहे आणि तिथे वारा अंगावर येतो. टोपी, ओढणी, पदर नीट खोवून घ्या.

वर

देऊळ अगदी लहान. आत तीन माणसं बसली की दाटी होते. वाकून आत जायचं, ओटी ठेवायची, पाया पडून बाहेर यायचं. मागे रांग असते. मंगळवार देवीचा वार, आणि नवरात्रात तर आसपासच्या गावांतून माणसांची रीघ लागते, रात्रीही चढणं चालू असतं. ती गर्दी एकदा अनुभवावी, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने नवरात्र सोडून साधा दिवस निवडावा. जमलं तर आठवड्यातला.

दर्शन झालं की देवळाभोवती फिरा. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या पलीकडे रतनगड, आणखी मागे हरिश्चंद्रगड. पूर्वेला पट्टा, बितनगड. थंडीत हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला त्र्यंबकचा ब्रह्मगिरी आणि फार लांब सप्तशृंगीचा डोंगरही दिसतो. मी नेहमी पश्चिमेला तोंड करून बसतो. आपण आलो तो घाट, कसारा, त्याच्या खालचं कोकण, सगळं त्या धुक्यात असतं.

तासभर पुरे. परतीची गाडी लक्षात आहे ना?

कोणत्या दिवसांत जावं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. सप्टेंबरअखेर उतारांवर सोनकीची पिवळी फुलं असतात, पाऊस ओसरलेला असतो. माझ्या मते तोच सर्वांत सुंदर पंधरवडा. भर पावसात मात्र कुटुंब घेऊन जाऊ नका. कातळ शेवाळलेला, शिड्या निसरड्या, वर धुकं इतकं की देऊळ हात लागेपर्यंत दिसत नाही, आणि ओढा फुगला की पलीकडे अडकायला होतं. वीज कडाडत असेल तर लोखंडी शिडीजवळ थांबायचंच नाही. देवी पुढच्या आठवड्यातही तिथेच असते. एप्रिल-मेमध्ये रात्रीची गाडी धरून पहाटे चढा आणि दहाच्या आत उतरायला लागा. कुणाला लागलं, चक्कर आली तर १०८ ला फोन करा आणि गावातल्या पोरांना हाक मारा. ती पोरं आपल्यापेक्षा दुप्पट वेगाने माणूस खाली आणतात.

उतरणं आणि परतीची लोकल

पहाटेच्या गाडीने आलात तर हिशोब असा धरा. सातला कसारा, साडेआठला बारी, बारापर्यंत शिखर, एकला उतरायला सुरुवात, साडेतीनला गावात जेवण, साडेचारला जीपमध्ये, सहापर्यंत कसारा. शिखरावर जायला उशीर झाला आणि एक वाजले तरी विहिरीपर्यंतही पोचला नसाल, तर तिथूनच हात जोडून परत फिरा. अंधारात शिड्या उतरणं, तेही दमलेल्या पायांनी, हे सगळ्यात धोक्याचं. बहुतेकांचे पाय चढताना नाही, उतरतानाच मुरगळतात. गुडघ्यांवर जोर येऊ नये म्हणून छोटी पावलं टाका, काठी मिळाली तर घ्या. शिडी उतरतानाही तोंड कातळाकडेच ठेवा.

कसाऱ्याला जीप पोचली की धावत सुटू नका. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे पाच-दहा मिनिटं आधी आलात तर खिडकीची जागा मिळते. आसनगावपासून गर्दी चढायला लागते, कल्याणला डबा भरतो. बायकांनी एकत्र महिला डब्यात बसावं, आणि पुरुषमंडळींशी उतरायचं स्टेशन आधी ठरवून घ्यावं, कारण टिटवाळ्यापर्यंत अर्धी मंडळी गाढ झोपलेली असतात. प्रसादाचा नारळ वर फोडला असेल तर खोबऱ्याचे तुकडे डब्यात ठेवा आणि गाडी सुटल्यावर शेजारच्यांना द्या. कसाऱ्याच्या गाडीत खोबरं पुढे केलं की "वर जाऊन आलात?" असं कोणीतरी हमखास विचारतं, आणि मग ते स्वतः कधी गेले होते ते सांगायला लागतात. कल्याणचा गजर मात्र मोबाईलवर लावून ठेवा.